न तोडलेल्या फुलाची किंमत

व्हिडिओ गेममधली फुलं हा काय लिहायचा विषय आहे का, असं काही जणांना वाटेल. गेम म्हटलं की बंदुका, गाड्या, फार तर क्रिकेट. झाडंझुडपं आपली मागे नाटकाच्या पडद्यासारखी असतात. गाडी त्यांच्यावरून गेली तरी कुणाला काही वाटत नाही. पण मंडळी, काही खेळ असेही आहेत की ज्यात रोप वाढणं हाच खेळ असतो. आणि आठवडाभर दुसऱ्यांच्या सर्व्हरचे लॉग वाचणारा अस्मादिकांसारखा इंजिनियर शनिवारी रात्री अशाच एका खेळात फुलं लावत बसलेला असतो. हसू नका. :)

प्रोग्रामर असल्यामुळे मला पहिला प्रश्न पडतो तो असा, की या खेळातलं रोप वाढतं कधी? म्हणजे कोडमध्ये. कुणाच्या घड्याळावर वाढतं? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्याच्या उत्तरावर सगळा खेळ ठरतो.

माइनक्राफ्टचं उदाहरण घ्या. तिथलं जग १६ बाय १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत वाटलेलं आहे. एका सेकंदात २० वेळा खेळ असा एकेक तुकडा घेतो आणि त्यातले कुठलेही ३ ठोकळे चिठ्ठी टाकल्यासारखे निवडतो. निवडलेला ठोकळा गव्हाचा निघाला, तर गहू एक पायरी वर चढण्याची शक्यता असते. नक्की नाही, शक्यता! एका तुकड्यात ४०९६ ठोकळे, म्हणजे एखाद्या ठोकळ्याचा नंबर सरासरी ६८ सेकंदांनी लागतो. गव्हाच्या पायऱ्या एकूण ८. जमीन ओली असेल तर वाढ जलद. एका ओळीत गहू आणि शेजारच्या ओळीत दुसरं काही लावलं तरी वाढ जलद. (आंतरपीक! हे कुणाच्या डोक्यातून आलं असेल?) पण यातली खरी गंमत पुढे आहे. हे सगळं फक्त खेळाडू आसपास असेल तरच चालतं. तुम्ही लांब कुठे डोंगरात खाणी खणायला गेलात की मागे शेतातला गहू जागच्या जागी थांबतो. मालक बांधावर उभा नसेल तर पीक वाढत नाही. आमच्या गावातल्या जुन्या माणसांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरं टोक म्हणजे फार्मव्हिल. जून २००९ मध्ये ते फेसबुकवर आलं तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या आत्येभावाच्या अकाउंटवरून खेळायचो. तिथे भिंतीवरचं खरं घड्याळ चालायचं. स्ट्रॉबेरी चार तासांत तयार. तुम्ही जेवा, झोपा, परीक्षेला जा, स्ट्रॉबेरी चार तासांनी तयारच. आणि वेळेत काढली नाही तर सुकून जायची. आत्येभाऊ बारावीच्या वर्षात पहाटे उठायचा. आत्याला वाटायचं पोरगं अभ्यासाला उठतंय! फ्लॅश बंद झालं आणि त्याबरोबर ३१ डिसेंबर २०२० ला फार्मव्हिलही बंद पडलं. सगळ्यांची शेतं एका दिवसात गेली. सातबारा शेवटपर्यंत कंपनीच्याच नावावर होता म्हणायचा.

तिसरं घड्याळ स्टारड्यू व्हॅलीचं. मी शनिवारी रात्री खेळतो तो हाच. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या माणसाने हा खेळ एकट्याने केला. २०११ मध्ये कम्प्युटर सायन्सची पदवी घेतली, नोकरी लागेना, म्हणून सराव व्हावा अशा हेतूने एक छोटा खेळ लिहायला घेतला. तो चार वर्षांहून जास्त चालला. कोड त्याचा, चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. २६ फेब्रुवारी २०१६ ला तो बाजारात आला आणि बाकीचा इतिहास तुम्हाला माहीत असेलच. हा शेतीच्या खेळांचा वारसा मूळचा जपानी. १९९६ मध्ये यासुहिरो वादा यांनी तिथे पहिला 'हार्वेस्ट मून' केला. मियाझाकीच्या खेड्याकडून टोकियोत नोकरीला आलेला हा माणूस, आणि मागे राहिलेलं गाव आठवून त्याने खेळ रचला. म्हणजे या प्रकाराच्या मुळाशीच गाव सोडून शहरात आलेला एक नोकरदार बसलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

स्टारड्यूमध्ये वर्षाचे चार ऋतू, एकेक ऋतू २८ दिवसांचा. रोप वाढतं ते तुम्ही झोपल्यावर. दिवसा पाणी घालायचं, रात्री झोपायचं, सकाळी उठून बघायचं. पाणी घातलं नाही तर रोप त्या रात्री वाढत नाही, पण मरतही नाही. ट्यूलिप ६ दिवस, ब्लू जॅझ ७, पॉपी ७, आणि शरदातलं फेअरी रोज १२ दिवस. ऋतू संपला की त्या ऋतूचं पीक एका रात्रीत वाळून जातं. म्हणजे घाई आहे, पण चार तासांची नाही. डेडलाइन आहे, पण पहाटेचा गजर नाही. रोज डिप्लॉयमेंट करणाऱ्या माणसाला हे किती बरं वाटतं म्हणून सांगू!

आता फुलांकडे येतो. सुरुवातीला या खेळात फुलं लावणं तोट्याचंच वाटतं. ट्यूलिप विकून ३० नाणी मिळतात. त्यापेक्षा फ्लॉवर लावावा (भाजीचा फ्लॉवर हो, ज्याला १२ दिवस लागतात पण पैसे चांगले येतात). मग एक दिवस तुमच्याकडे मधाची पेटी येते आणि हिशोब उलटा होतो. पेटीतून दर ४ दिवसांनी मध निघतो. जवळपास लावलेलं फूल नसेल तर तो रानमध, किंमत १००. पण पेटीच्या ५ चौकटींच्या आत फूल उभं असेल तर मध त्या फुलाचा होतो. आणि त्याची किंमत १०० अधिक फुलाच्या किमतीच्या दुप्पट. ट्यूलिपचा मध १६०, पॉपीचा ३८०, फेअरी रोजचा ६८०.

मी अर्थातच एक्सेल उघडलं. फेअरी रोज तोडून विकलं तर २९० मिळतात, एकदाच. तेच फूल न तोडता दहा पेट्यांच्या मधोमध उभं ठेवलं, तर प्रत्येक पेटीमागे ५८० जास्त. म्हणजे दर चार दिवसांनी ५८००. एकाच फुलावर! तोडायचं नाही एवढीच अट. बाकी सगळा खेळ तुम्हाला 'पिकलं की काढ, काढलं की वीक' हे शिकवतो आणि फूल मात्र गुपचूप उलटं शिकवतं. हे फूल उभं आहे म्हणून किमतीचं आहे. मला वाटतं या खेळातली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे, आणि खेळ ती तुम्हाला कुठेही भाषण देऊन सांगत नाही.

आणि हे नुसतं खेळातलं नाही बरं का. आपल्याकडे महाबळेश्वरच्या बाजूला कुठल्याही मधवाल्याला विचारा, जांभळाचा मध वेगळा, कारवीचा वेगळा. तिथलं मांघर हे २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. यातल्या कारवीचं तर काय सांगावं! साधारण आठ वर्षं नुसती पानं घेऊन वाढते, मग एका पावसाळ्यानंतर सगळा डोंगर एकदम जांभळा करते, बी टाकते आणि मरते. आठ वर्षांचं पीक ठेवायची हिंमत कुठल्या गेमवाल्यात असेल असं वाटत नाही. लोक रिव्ह्यूमध्ये एक तारा देऊन जातील. :)

असो. आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. आमचं गाव सासवडच्या पुढे, जमीन दीड एकर. मी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि अण्णा मागे येऊन उभे राहिले. आमचे अण्णा म्हणजे गेली तीस वर्षं झेंडू, टोमॅटो आणि थोडा वाटाणा करणारा माणूस. त्यांना गेम म्हणजे काय हे समजावायची वेळ कधी आली नव्हती. पण शेत त्यांना लगेच ओळखू आलं.

"ही फुलं कसली?"

"पॉपी म्हणतात. सात दिवसात येतात."

"सात दिवसात?" अण्णा हसले. "आणि पाऊस जास्त झाला तर?"

मी सांगितलं की यात पाऊस जास्त होत नाही. पाऊस पडला की त्या दिवशी पाणी घालायचा त्रास वाचतो, एवढंच. वादळात वीज पडून एखादं रोप जाऊ शकतं, बुजगावणं नसेल तर कावळे खातात. पण पाणी साचलं, मुळं कुजली, करपा आला, असलं काही नाही.

"बरं. मग माल न्यायचा कुठं?"

घराशेजारची पेटी दाखवली. संध्याकाळी माल तिच्यात टाकायचा, सकाळी पैसे जमा. टेम्पो नाही, हमाली नाही, तोलाई नाही.

"आणि भाव कोण ठरवतो?"

"भाव ठरलेलाच असतो अण्णा. मालाची प्रत चांगली असली तर थोडा जास्त मिळतो."

"म्हणजे मी एक टाकलं काय आणि हजार टाकली काय, भाव तोच?"

"तोच."

अण्णा जरा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मग ही शेती नाही बाळा, हा पगार आहे." आणि गोठ्याकडे निघून गेले.

मंडळी, मी या खेळावरचे कितीतरी लेख वाचलेत, व्हिडिओ पाहिलेत. इतकं नेमकं कुणी बोललेलं मला आठवत नाही. खेळाची सुरुवात आठवा. तुम्ही एका मोठ्या कंपनीत क्युबिकलमध्ये पिचत असता, आजोबांचं पत्र उघडता, नोकरी सोडून त्यांच्या शेतावर येता. आणि मग रोज ठरलेलं काम करता, रोज सकाळी ठरलेले पैसे जमा होतात. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबांचं भूत येऊन तुमच्या कामाचं मूल्यमापनसुद्धा करतं. अप्रेझल! शहरातल्या नोकरदाराला नोकरी नको असते, पण पगाराची खात्री हवी असते. त्या दोन्ही गोष्टी खेळ देतो. म्हणून तो आवडतो. मलाही म्हणूनच आवडतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

आता आमचा झेंडू बघा. रोपवाटिकेतून तीनेक आठवड्यांचं रोप आणायचं, बेडवर लावायचं, ठिबक सोडायचं. मग शेंडा खुडायचा म्हणजे बाजूला फांद्या फुटतात आणि फुलं जास्त येतात. लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत साधारण दोन महिने. इथपर्यंत खेळात आणि शेतात फार फरक नाही बघा. दिवस मोजा, पाणी द्या, थांबा. दसऱ्याची तारीख धरायची आणि तिथून मागे मोजत यायचं. अधिक महिना आला की दसरा पुढे सरकतो, त्याप्रमाणे लागवडही सरकवायची. हे बॅकवर्ड प्लॅनिंग अण्णांना कुणी कोर्समध्ये शिकवलेलं नाही.

पण दसरा सगळ्यांचा एकाच दिवशी असतो ना! अण्णा मागे मोजतात, शेजारचे मोजतात, चार जिल्ह्यांतले सगळे मोजतात. आणि सगळ्यांचा हिशोब बरोबर असतो, अडचण तिथेच आहे. प्रत्येकाचं रोप वेळेवर वाढतं, प्रत्येकाचं फूल वेळेवर येतं, सगळे टेम्पो एकाच रात्री बाजाराच्या दारात उभे राहतात. गेल्या दसऱ्याला आमची जी पट्टी आली, तिच्यातून हमाली, तोलाई, टेम्पोचं भाडं वजा जाता हातात पडलेले पैसे तोडणीच्या मजुरीलाही पुरले नाहीत. त्याच्या आदल्या वर्षी पावसाने कितीतरी जणांचा झेंडू सडला होता, आमचा वाचला, आणि आम्हाला भाव मिळाला. म्हणजे पीक आलं की भाव नाही, आणि भाव मिळतो तो दुसऱ्याचं पीक गेल्यावर. स्टारड्यूच्या गावात फुलं पिकवून विकणारे तुम्ही एकटेच असता. झेंडू हा मल्टिप्लेअर खेळ आहे, आणि बाकीचे खेळाडू काय लावतायत हे स्क्रीनवर दिसत नाही.

आमच्या ऑफिसात दर आठवड्याला कुणीतरी 'बास झालं, सोडतो आणि शेती करतो' असं म्हणतं. कॅंटीनमधला चहा संपेपर्यंत ते शेत चांगलं फुललेलं असतं. मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. मी काही बोलत नाही, कारण या वर्षी तोच प्रश्न माझ्यापुढे खरोखरचा आलाय. अण्णांचे गुडघे दुखतात. दिवाळीतच त्यांनी विचारलं, "पुढं तू बघणार आहेस, का खंडानं देऊन टाकू? पाडव्यापर्यंत सांग." रागाने नाही, तक्रारीने नाही. ठिबकच्या नळ्या बदलायच्या का हे ठरवण्यासाठी त्यांना उत्तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर टोमॅटोच्या प्लॉटमध्ये गेलो. तिथे मधूनमधून झेंडूची एकेक ओळ असते, मी लहानपणापासून बघतोय. दर सोळा ओळी टोमॅटोमागे एक ओळ झेंडू, अशी कृषी खात्याची शिफारस आहे. लावताना झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं घ्यायचं, म्हणजे दोन्ही एका वेळी फुलावर येतात. मग फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूवर अंडी घालतो. सापळा पीक म्हणतात त्याला. झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतल्या सूत्रकृमीही कमी होतात, तो फायदा वेगळा.

मी विचारलं, "अण्णा, ह्या ओळीतली फुलं विकता का?"

"ही कशाला विकायची? ही राहू द्यायची. ह्यांच्यावर माल वाचतो."

फेअरी रोज! तेच गणित. फुलाची किंमत त्याच्या जागी उभं असण्यात. बॅरोनने मधासाठी लिहिलं, अण्णांनी टोमॅटोसाठी केलं. त्यावरून माझ्या लक्षात आलं की खेळाने शेतीतला धोका वगळलाय, बाजार वगळलाय, शेजारी वगळलेत, पण एक गोष्ट खरी ठेवली आहे. शेतात सगळंच विकण्यासाठी नसतं. काही गोष्टी नुसत्या तिथे असाव्या लागतात, त्यांच्यामुळे बाकीचं टिकतं. पट्टीवर त्यांचा आकडा कधी येत नाही.

पुण्याला परत आल्यावर मी पुन्हा एक्सेल उघडलं, या वेळी खऱ्या दीड एकराचं. अण्णांच्या वहीतल्या सहा वर्षांच्या पट्ट्यांचे फोटो काढून आणले होते. त्यात झेंडूची दसऱ्याची एकगठ्ठा लागवड सहापैकी दोनच वर्षं पैसे देऊन गेलीय. टोमॅटोचं वर-खाली होतं, पण एकूण बेरीज वर राहते. नोकरी सोडून मी हे चालवू शकणार नाही, हे आकडेच सांगतात. खंडाने दिलं तर पैसे ठरलेले येतील (पगार!), पण मग अण्णा सकाळी उठून जातील कुठे, याचा रकाना माझ्या एक्सेलमध्ये नाही.

म्हणून मी त्यांना पाडव्याची वाट न बघता फोन केला. सांगितलं, जमीन खंडाने द्यायची नाही. ठिबक बदलू, पैसे मी देतो. अर्धा एकर टोमॅटो, झेंडूच्या ओळींसकट. दसऱ्याचा झेंडू एकदम न लावता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत, म्हणजे गणपती, दसरा, दिवाळी, कुठेतरी हात लागेल. फवारणीला आणि तोडणीला माणूस लावू, त्याची मजुरी माझ्याकडे. मी महिन्यातले दोन शनिवार-रविवार गावी येणार. दोन वर्षं असं करून बघू आणि तेव्हा पुन्हा पट्ट्या मांडू.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग अण्णा म्हणाले, "दोन शनिवार म्हणतोस, पण तोडा शनिवार बघून येत नाही."

"माहितीये."

"बरं. नळ्या सोळा एमएमच्या आण. आणि मजूर मी बघतो, तुला फसवतील."

तर मंडळी, पुढच्या शनिवारपासून फेअरी रोजना पाणी घालायला कुणी नसेल. पण स्टारड्यूच्या घड्याळाची मेहेरबानी अशी, की मी खेळ उघडेपर्यंत ती आहेत तशी उभी राहतील.